अध्यक्षांच्या डोक्यावरचं तेल
खोबरेल तेलाचा वास आला की मला बंगळुरूच्या बसवनगुडीतली ती परिषद आठवते. डॉक्टरांच्या आमच्या संस्थेचा वर्धापनदिन होता आणि मेंदूच्या लहरींचा आलेख कसा काढतात, ते भरल्या सभागृहात मंचावर दाखवायचं होतं. तयारी सगळी माझ्याकडे होती. रुग्ण म्हणून आमचे वयस्कर संस्थापक अध्यक्ष हौसेनं खुर्चीत बसले. मी त्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावू लागले, तर एकही चिकटेना. केस तेलानं चपचपीत होते! 'तेल लावून येऊ नका' असं जन्मभर रुग्णांना बजावणारे सर कावरेबावरे झाले. पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "शुभ दिवस म्हणून मीच चोळलं हो, अक्का!" "दुसऱ्या कुणाला बसवू का?" मी हळूच विचारलं. "नाही, आज मीच," सर म्हणाले. मग पर्समधली शाम्पूची पुडी काढून मी दोघांना बेसिनपाशी नेलं. "स्वल्प वाका की!" म्हणत बाईंनी त्यांचं डोकं खसाखसा धुतलं. परत आल्यावर इलेक्ट्रोड नीट चिकटले, सरांनी डोळे मिटले आणि पडद्यावर शांत, एकसारख्या लाटा उमटल्या. त्यांच्याकडे बघत बाई म्हणाल्या, "इतका शांत माणूस घरी कधी दिसला नाही बाई!" सगळ्यात मोठ्यानं सरच हसले. आता परिषदेच्या यादीत मी माइकच्या आधी शाम्पू लिहिते. तेल लावू नका, असं मात्र कुणाच्या बायकोला सांगत नाही.