सोनारगल्लीची धूळ

"मला सोनं नको हुतं, पण दर घमेल्याला तेच गावायचं," असं ज्ञानू झारेकरी एकदाच म्हणाला, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही.

कोल्हापूरच्या गुजरीत त्याचं आयुष्य वाकून गेलं. सराफांच्या पेढ्या उघडायच्या आधी तो आणि त्याची बायको धोंडुबाई रस्ता झाडत यायची. कानशीखालून उडालेलं, कारागिरांच्या कपड्यांना चिकटून बाहेर आलेलं, हात धुताना गटारात गेलेलं सोनं त्या धुळीत असायचं. ती धूळ आणि गटारातला गाळ दोघं पंचगंगेवर नेत आणि झारेकऱ्यांच्या रीतीनं घमेल्यात धूत बसत. हलकं वाहून जाई, जड तळाशी राही. ते ज्याच्या हाताला लागेल त्याचं. पिढ्यान्‌पिढ्या गुजरीत त्यावर कुणी हक्क सांगितला नव्हता. धोंडुबाईची बोटं कायम पाण्याने फुगलेली असत, आणि डोळ्याला जेमतेम दिसणारा कणही ती बोटं सोडत नसत.

त्यांचा एकुलता एक मुलगा कृष्णात. तालमीत त्याचा पुढचा दात तुटला, तेव्हा ज्ञानूने साठवलेल्या सोन्याची टोपी त्या दातावर बसवून घेतली. पेढीवरचे शेठ चिडवायचे, "ज्ञानू, आमचं सोनं पोराच्या तोंडात घातलंस की रे."

"गिळत न्हाय तंवर तुमचंच हाय," ज्ञानू म्हणायचा.

कृष्णातला वाकायचं नव्हतं. निपाणीकडच्या बसवराजने भूजच्या सोनारगल्लीत गलाईची भट्टी टाकली होती. सोनारांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. कृष्णात त्याच्याकडे गेला. लग्न झाल्यावर अक्षतालाही घेऊन गेला. खाली भट्टी, वर खोली, समोर निळं दार. पहिल्या बाळंतपणाला दिवाळीत ती माहेरी आली, आणि नवीन वर्ष उजाडता उजाडता मुलगी झाली. बारशाला कृष्णात यायचा होता. पण बसवराजच्या बहिणीचं लग्न निघालं, भट्टी सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तो थांबला.

सव्वीस जानेवारीला ज्ञानूने शिरस्त्याप्रमाणे जिलेबी आणली. कोल्हापुरात भूकंप म्हणजे कोयनेचा धक्का, मांडणीवरची भांडी वाजतात, माणसं दारात येऊन एकमेकांना विचारतात आणि परत आत जातात. दुपारी शेजारच्या टीव्हीवर भूज दाखवलं तेव्हा धोंडुबाई म्हणाली, "भांडी पडली असतील." मग टीव्हीवर कोसळलेली एक गल्ली आली आणि ती टीव्हीच्या जवळ सरकली.

बसवराज आणि ज्ञानू मिळेल त्या गाडीने गेले. सोनारगल्लीत शिरायला गल्लीच नव्हती. दोन्ही बाजूंची घरं एकमेकांच्या अंगावर येऊन मधे कोसळली होती आणि रस्ता पहिल्या मजल्याइतका उंच झाला होता. पायांखाली कौलं, वासे, कुणाच्या तरी गादीचा कापूस. एका उभ्या राहिलेल्या भिंतीवर खुंटीला सदरा होता, आणि भिंतीला मागची बाजू नव्हती.

"हितंच हुतं," बसवराज म्हणाला. "न्हाय. त्या नळाच्या पुढं." नळ सापडेना. दहा वर्षं त्या गल्लीत काढलेला माणूस आपलंच दुकान शोधत फिरला आणि शेवटी एका चौथऱ्यावर बसून रडला. ज्ञानू अक्षताने खूण सांगितलेलं निळं दार शोधत होता. निळ्या फळ्या ठिकठिकाणी होत्या. त्या गल्लीत बहुतेक दारं निळीच असावीत, अक्षताला फक्त समोरचं आठवलं होतं.

दवाखान्याच्या तंबूंत कृष्णात नव्हता. यंत्रांनी गल्लीचं एक टोक आधीच उपसून गावाबाहेर ओतलं होतं. ज्यांना ओळखणारं कुणी नव्हतं त्यांना एकत्रच अग्नी दिला होता. बसवराज म्हणाला, "मामा, आता माघारी जाऊया."

"तुमी जावा."

ज्ञानूने मनाशी एकच ठरवलं होतं. माणूस उचलून नेला असेल, जळाला असेल, पण दातावरचं सोनं कुठं तरी पडलेलं असणार, आणि सोनं धुळीत पडलं की काढता येतं. ते मिळालं तर अक्षतापुढे हात उघडता येईल. नाहीतर ती जन्मभर दाराकडे बघत बसेल. मग तो ढिगाऱ्यावर बसला आणि त्याला जे येत होतं ते करू लागला. पाणी टँकरचं, पिण्यापुरतं. तो कमी प्यायचा, उरलेल्यात धूळ धुवायचा, गढूळ पाणी निवळू द्यायचा आणि तेच परत वापरायचा.

पहिल्याच घमेल्याच्या तळाशी पिवळी रेघ उमटली.

कित्येक पिढ्यांच्या कानशीखालची धूळ त्या भिंतींत, फरशांच्या सांध्यांत, उंबऱ्यांच्या चिरांत मुरली होती. धरणी हलली आणि ती सगळी मोकळी झाली. गुजरीत महिना वाकून जे मिळायचं नाही, ते इथे बसल्या जागी दिसत होतं. हे ज्यांच्या हातांखालून उडालं ते हात याच मातीत होते. ज्ञानूने घमेलं पालथं केलं. दुसरं भरलं. तेही पालथं केलं. एकदा टपोरा दाणा लागला आणि त्याला वाटलं, हीच दाताची टोपी. चोळून पाहिलं तर कुणा बाईच्या नाकातली चमकी होती. ती त्याने होती तिथेच दगडाखाली ठेवली.

बंदोबस्तावरच्या शिपायाने त्याची झडती घेतली. चुन्याची डबी निघाली. शिपायानेच ती परत त्याच्या खिशात घातली.

गुढीपाडव्याच्या तोंडावर यंत्रं त्या ढिगाऱ्यापर्यंतही आली. तिथून रुंद रस्ता जाणार होता. ज्ञानू घरी परतला.

बसवराजने कोल्हापुरात कुणाला तरी सहज सांगितलं होतं, ज्ञानू तिथंबी धूळ धुतोय. गुजरीला तेवढं पुरलं. "धरणी फाटली आन् ज्ञानूचं नशीब उघडलं," असं पेढीपेढीवर चाललं. ज्ञानू आला त्या दिवशी जेवून पडला होता. त्याला झोप लागली असं समजून धोंडुबाईने त्याची वळकटी सोडली आणि गोधडीची शिवण बोटांनी चाचपली. तो बघत होता.

मग एका सकाळी हंबीरराव आला, अक्षताचा बाप, शिरोलीच्या एका फाउंड्रीत मुकादम. बरोबर अक्षता होती, तिच्या मांडीवर बाळ. भूजहून आल्यावर ज्ञानूने नातीला पहिल्यांदाच पाहिलं.

"पावणं, आडपडदा ठेवत न्हाय," हंबीरराव म्हणाला. "आमी तिला दुसरं स्थळ बघाय लागलोय. वय काय तिचं? पण ही ऐकत न्हाय. सासरलाच राहीन म्हणती. ऱ्हाऊ दे. कशावर ऱ्हाणार, तेवढं सांगा. आणलंय ते नातीच्या नावानं ठेवा, मी पोरीला हितंच सोडून जातो."

"काय आणलंय?"

"आता मलाच इचारा. सारी गुजरी सांगती."

तेव्हा ज्ञानू ते वाक्य बोलला, मला सोनं नको हुतं. घमेली पालथी केली तेही सांगितलं.

हंबीरराव हसला, फार वाईट नाही, थोडं थकून. "झारेकरी सोनं टाकून आला, व्हय? पावणं, आमाला एवढं खुळं समजू नका. काढा ते भाईर, न्हायतर पोरीला घिऊन जातो."

ज्ञानू बायकोकडे वळला. "तू तरी सांग त्येस्नी."

धोंडुबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. "मी काय सांगू? मी हुते व्हय तिथं?" मग हळूच म्हणाली, "आपुन कवा एक कण तरी टाकलाय?"

बाळ कुरकुरलं. अक्षताने त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं. तिच्या कपाळावर अजून कुंकू होतं. आल्यापासून तिने मान वर केली नव्हती. आता ती सासऱ्याकडे बघू लागली आणि ज्ञानूला वाटलं, ही विचारणार. भूजहून आल्यापासून घरात, गल्लीत, पेठेत कुणीही त्याला कृष्णातचं काय झालं हे विचारलं नव्हतं. सगळं सांगायचं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं, खुंटीवरच्या सदऱ्यापासून.

"मामा," अक्षता म्हणाली, "मला न्हाय जायाचं. हितंच ऱ्हायाचं हाय. थोडं तरी ठिवलं असंल की वो. सांगा न्हवं."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती विनवत होती.

ज्ञानूला कळलं, तिनेही कृष्णातचं विचारलं नव्हतं. बाळाची मूठ तिच्या पदरात अडकली होती, ती त्याने वाकून सोडवली. मग भिंतीला हात टेकून सरळ झाला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडला.