शनिवारी जेवणारी वृषाली

वृषालीला मी ओळखत होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. सौंसरला आमची दोन घरं एका भिंतीची. ती मला आबाजी म्हणते. पण तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही, आणि आताही पूर्ण कळलंय असं नाही. लिहिण्याची मला सवय नाही, जमेल का तेही ठाऊक नाही. तरी तिच्याबद्दल कोणीतरी लिहावं असं फार दिवस वाटतंय.

दहावीत असताना तिनं शनिवार धरला. जामसांवलीचा मारुती इतका जवळ, त्यामुळे आमच्याकडे शनिवारचं कोणाला नवल नाही. मग सोमवार आला, मग चतुर्थी, एकादशी. मधल्या दिवशी विचारलं तर 'मैत्रिणीकडे खाल्लं.' पोरगी वाळत गेली आणि घरात कौतुक वाढत गेलं. तिची आजी अंबाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमची वृषाली तपस्विनी आहे जी! मागत नाही, भांडत नाही, उलटून बोलत नाही." देवळात बाया तिला पुढे बसवायच्या. शाळेत ती ना पहिल्या नंबरात, ना खेळात. उपासानंच तिला गावात नाव दिलं होतं.

एका शनिवारी तिच्या घरच्यांनी जामसांवलीला जेवण दिलं. मीही होतो. पंगत बसली, बुंदी वाढून झाली, आणि वृषालीची चुलत बहीण पूनम, सहावीतली पोर, तिनं पत्रावळ पुढे ढकलली.

"मले नको. मी बी दीदीसारखीच."

अंबाबाई खूश. "पाहा! एकीनं दुसरीले वळण लावलं!"

सगळे हसले. वृषाली मात्र उठून उभी राहिली.

"आजी, तिले जेवू दे. मी देवासाठी उपाशी नाही राहत. मले जेवाचीच भीती वाटते. देवाचं नाव घेतलं तर कोणी विचारत नाही, म्हणून घेते."

वाढणारे जागच्या जागी थांबले. मग ती हळू बोलली, पण मी जवळ होतो, मला ऐकू आलं. "हे सोडलं तर मी कोण, तेच मले समजत नाही."

देवाच्या दारात, भरल्या पंगतीत, स्वतःचं सगळं नाव असं खाली ठेवायला केवढी छाती लागते! मला तर चारचौघांत पाणी मागायलाही संकोच वाटतो.

तिच्या वडिलांनी, ऋषिकेशनं, तिला नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नाही. या वयात पोरं आपण कोण ते शोधत असतात, आणि हा आजारच तिची ओळख होऊन बसला आहे. उपचार बरेच दिवस चालतील. आणि घरच्यांना एक अट घातली, तिच्या ताटाबद्दल कोणी बोलायचं नाही. टोमणा नको, तशी शाबासकीही नको.

सोपं गेलं नाही. भिंतीपलीकडून रडणं ऐकू यायचं. काही दिवस तिला अजूनही जड जातात. पण हळूहळू दुसरे आवाज येऊ लागले. वृषाली भांडू लागली! टीव्हीवरून, ओढणीच्या रंगावरून, छिंदवाड्याला होस्टेलात राहून शिकण्यावरून. ते होस्टेलचं भांडण तिनं जिंकलं. अंबाबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "पहिले बोलत नव्हती, आता ऐकत नाही." पण चेहरा असा फुललेला की तक्रार कसली ते मला समजलं.

परवा शनिवारीच ती छिंदवाड्याला परत निघाली. ऑटो यायचा होता म्हणून आमच्या ओट्यावर बसली. डबा उघडून तिनं कोथिंबिरीची सांबारवडी काढली आणि खाऊ लागली. शाबास म्हणावंसं फार वाटलं. पण अट आठवली.

"आबाजी, आजीनं मीठ जास्त टाकलं का?"

मी एक खाऊन पाहिली. "हाव, जास्तच आहे."

"मी सांगतलं तर भांडण होते. तुम्ही सांगा ना."

"मले नको सांगू बाप्पा. तूच भांड."