रोहिदास तापकीरची फोमची गादी

चऱ्होलीच्या रोहिदास तापकीरसमोर फेसाचा विषय काढू नये. चहावर फेस दिसला तरी हा माणूस शिकवणी सुरू करतो. "फेस म्हंजी काय? कोंडलेली हवा! दाढीच्या साबणात हाय, भज्याच्या फेटलेल्या पिठात हाय, तुमच्या हेल्मेटात बी हाय. कुठला घटकेत बसतो, कुठला मऊ ऱ्हातो, कुठला कडक व्हतो, येवढाच फरक." इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसला की मात्र तो शिकवत नाही, सरळ शिव्या घालतो. चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं गाड्यांच्या सीटचा फोम बनवतो आणि बसमध्ये मी रोज त्याच्या शेजारी बसतो, त्यामुळे माझी सुटका नाही.

त्याची मुलगी तनुजा शाळेतर्फे उंच उडी मारते. खाली वाळू, म्हणून ती पाय कात्रीसारखे टाकून दांडी ओलांडायची. स्पर्धेत मोठ्या शाळांच्या मुली पाठ खाली करून सपासप वरून गेल्या आणि जाड गादीवर पडल्या. ही हरली. तिच्या खेळाच्या शिक्षिका अंजली मॅडम म्हणाल्या, "पाठीवरची उडी शिकली तर पुढच्या वर्षी पहिली येईल. पण वाळूवर मी शिकवणार नाही, मान मोडेल." शाळेकडे गादी नव्हती.

रोहिदासला हे फार लागलं. जगाच्या बुडाखाली फोम घालणाऱ्याच्या पोरीनं वाळूत पडावं! साहेबांची परवानगी काढून त्यानं बाद झालेल्या सीट टेम्पोत भरून आणल्या आणि चिकटवून शाळेच्या मैदानावर कमरेएवढी गादी रचली. पावसात भिजू नये म्हणून खोळ शिवली. खोळीला कापड कुठलं, तर आमच्याकडे ज्याला तोटा नाही ते, वाढदिवसांचे फ्लेक्स. दुहेरी फ्लेक्स, शिवणीवर शिवण, वरून सोल्युशन. गावातल्या सगळ्या भाऊंची हसरी तोंडं आभाळाकडे करून गादी तयार झाली.

तनुजानं पहिली उडी मारली. पाठ टेकली मात्र, गादीनं तिला चेंडूसारखं बाहेर फेकलं. पोर मातीत पडली, कोपर सोलून निघालं. बघायला जमलेले लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? रोहिदासची बायको विजयश्री वहिनी मात्र हसल्या नाहीत. "आजपासून ही उडी बंद," त्या म्हणाल्या. "हातपाय मोडून घ्यायचं न्हाई माझ्या पोरीनं."

दुसऱ्या दिवशी रोहिदास कामावर तोंड पाडून उभा. साच्यातून निघालेल्या गरम सीट रोलरमधून काढायच्या, हे आमचं काम. दाबल्या की आतले बंद बुडबुडे फटाफट फुटतात आणि हवेला वाट मिळते. नाहीतर थंड होताना सीट आक्रसते. एक सीट रोलरमध्ये गेली आणि रोहिदास जागीच ओरडला, "अरं राव! हितं बुडबुडं फोडायचा पगार घेतोय, आन् तिकडं आख्ख्या गादीचा एकच बुडबुडा करून ठिवला! हवा जायाला वाटच न्हाई!"

संध्याकाळी त्यानं चारही बाजूंचे फ्लेक्स कापले आणि तिथं शेतातली हिरवी जाळी शिवली. मग वहिनींना बोलावून त्यांच्यासमोर स्वतःच पाठीवर उडी टाकली. गादीनं लांब सुस्कारा सोडला आणि त्याला अलगद पोटात घेतलं. वहिनींनी पदर खोचला, इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःही एकदा धप्पकन पडून पाहिलं. उठल्या त्या हसतच. दुसऱ्या दिवसापासून तनुजाचा सराव सुरू झाला.

पुढच्या स्पर्धेला आम्ही सुट्टी टाकून गेलो. एकेक मुलगी बाद होत शेवटी तनुजा एकटीच उरली. पहिला नंबर तिचाच झाला होता. पंचांनी विचारलं, "आता दांडी किती वर घेऊ? तू सांगशील तेवढी."

"माझ्या आप्पांच्या खांद्याएवढी," पोर म्हणाली.

पंच हसले, पण त्यांनी रोहिदासला बोलावून शेजारी उभं केलं आणि दांडी त्याच्या खांद्याला लावली. एवढ्या उंचीवरून ती कधीच गेली नव्हती.

रोहिदास बाजूला झाला. तनुजा धावली, वळली आणि पाठीवरून गेली. दांडी थरथरली, पण पडली नाही. मला रडू फुटलं, सांगायला लाज वाटत नाही. रोहिदास दोन्ही हात वर करून अख्ख्या मैदानाला सांगत सुटला होता, "खांद्यावरनं गेली! बघितलं का, बापाच्या खांद्यावरनं गेली माझी पोरगी!"