शिट्टीनंतरचा ठोका

पाय वर घेऊन बसला असाल तर खाली सोडा... पांढरी साडी नाय, अमावस्या नाय, आणि पिंपळ तर आमच्या गल्लीत कधी उगवलाच नाय. हे भर दुपारी, मिसळ खाऊन झाल्यावर घडलं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. भूत आलं असतं तर मी आधी त्याचीच नक्कल करून दाखवली असती!

मी सिन्नरचा. एसटीचा कंडक्टर, गणिताचे सर, शेजारची म्हैस — कुणाचाही आवाज काढतो. नवे इअरफोन घेतले, कानात खुपसायचे, फुल बेसवाले. खरं सांगू? गाणारा गोधडीतून गातोय असं वाटतं. पण बेस... दाढा हलतात राव. गाण्यांना बेकार, ढोलाला एक नंबर. म्हणून आमच्या ढोल पथकाच्या सरावाचा व्हिडिओ काढला आणि तोच ऐकत बसलो.

या पथकात सम्या, म्हणजे समाधान, माझा जिगरी, पहिल्या रांगेत ढोल वाजवायचा. शिट्टी झाली की टिपरू वर धरून थांबायचं, असा नियम. सगळे थांबायचे. हा पठ्ठ्या एक ठोका जादा मारायचा, डावा तळवा ढोलाच्या पानावर, म्हणजे कातड्यावर दाबून, दबका... आणि दात काढायचा. मागच्या थंडीत काविळीनं गेला. पोरांनी वाजू नये म्हणून त्याच्या ढोलाच्या दोऱ्या ढिल्या केल्या, आणि वर्षभर रांगेतली त्याची जागा मोकळी ठेवायचं ठरलं.

व्हिडिओत शिट्टी झाली. सगळी टिपरं वर. मोकळी जागा मोकळीच. आणि माझ्या कानात — धम्म. एकच. दबका.

मागं नेऊन परत लावलं. परत तेच. मोबाईलच्या स्पीकरवर काहीच नाय. भावाच्या इअरफोनमध्ये नाय. पुढच्या सरावाचा व्हिडिओ काढला, त्यातही फक्त माझ्या इअरफोनमध्ये...

सांगणार कुणाला? मी गावाचा जोकर. "तूच तोंडानं काढला असशील," हेच ऐकायला मिळालं असतं. आणि खरी भीती होती ती सम्याच्या आईची. काकूंकडं त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग म्हणून काही म्हणजे काहीच नव्हतं. दहावं-तेरावं उरकल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवून म्हटलं होतं, "सगळ्यांचे आवाज काढतो ना रे... एकदा त्याच्यासारखं 'मम्मे' म्हण." मी तोंड उघडलं. आवाजच फुटला नाय.

आता हे ऐकवलं आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाय तर? त्यांचं पोरगं परत एकदा जाणार. पण राहवेना. शेवटी गेलो. काकू गहू निवडत होत्या. काही सांगितलं नाय, इअरफोन दिले आणि मोबाईल पालथा धरला, म्हणजे व्हिडिओ दिसायला नको. ढोल सुरू झाले तरी काकू निवडतच होत्या. मग एकदम हात थांबला.

"समाधान हाय हा," त्या म्हणाल्या.

परत लाव म्हणाल्या. परत. ताटातल्या गव्हावर टपटप पडायला लागलं.

नाशिकला साऊंडचं काम करणारा एक मित्र आहे, तो म्हणे बेस जास्त असला की घुमतं. घुमत असेल. पण नेमकं शिट्टीनंतर, एकदाच, आणि तळवा दाबून? ते त्यालाही सांगता येईना. मलाही अजून कळलेलं नाय. उत्तर नाय मिळालं, शिव्या मात्र त्याच दिवशी मिळाल्या. काकूंनी इअरफोन काढले, पदरानं तोंड पुसलं, आणि सुरू झाल्या...

"मेल्या, कधीपासून ऐकतोय हे?"

"झाले असतील... पंधरा दिवस."

"एकटाच? माझं लेकरू वाजवतंय अन् तू एकटाच ऐकत बसला? इथवर यायला पाय मोडले होते का? अन् एवढ्या मोठ्यानं घालतेत का रे कानात? कान फुटतील! मग दुखलं तरी अंगावर काढशील, सांगणार नाय कुणाला. त्यानंबी तेच केलं ना, डोळे पिवळे झाले तरी बोलला नाय. उद्या तुला काय झालं तर? तुझ्या मम्मीनं कुणाकडं बघायचं? सांग ना... कुणाकडं बघायचं तिनं?"