बाजारतळावरच्या मुतारीचा सौदा

संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या दुकानात तीन बायका वाट्या घ्यायला आल्या. पुढे आमच्या प्रभागाच्या माजी नगरसेवकाची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणतं. मागे तिच्या दोन मैत्रिणी, ज्यांचं काम वहिनी बोलली की मान हलवायची. वहिनीने स्टीलची एक वाटी उचलली, अंगठ्याने दाबून पाहिली. चेपली नाही, तेव्हा खाली ठेवली.

"याहून हलकी दाखवा ना मावशी. वाण लुटायचंय. घरी नेऊन कोण वापरतंय?"

हीच बाई स्वतःच्या घरासाठी घेताना वाटी तराजूत घालून जड आहे का बघते. लोकांना द्यायची तर चेपणारी हवी. मी हलकी दाखवली आणि घासाघीस सुरू झाली.

घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. नवरा गेला तेव्हा धाकटा कडेवर होता. डोक्यावर पाटी घेऊन, जुन्या कपड्यांवर भांडी देत मी या गावाच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एका पातेल्यावर दोन साड्या आणि एक पँट काढून घेतल्याशिवाय मी कोणाची पायरी उतरले नाही. आज बाजारतळाला लागून माझं दुकान आहे, भांड्यांवर नाव घालायचं मशीन आहे, लेक संगमनेरला चांगल्या घरी दिली आहे, मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत आहे. यातलं काहीही मला कोणाच्या सभेतून मिळालेलं नाही.

"एवढ्या वाट्या कशाला?" मी विचारलं.

"नगरपालिका गावाचा नवा विकास आराखडा करतेय ना, त्यात नागरिकांचा सहभाग घ्यायचाय," वहिनी म्हणाली. "पुरुषांची सभा झाली. आता महिलांची. नुसत्या सभेला बायका येत नाहीत, म्हणून हळदीकुंकू ठेवलंय."

"मला निरोप नाही आला."

दोघी मैत्रिणी एकदम वरच्या फळीवरचे कुकर बघायला लागल्या. वहिनी गोड हसली. "अहो मावशी, आम्ही तसलं काही मानत नाही. पण बाकीच्या बायकांना उगाच कसंतरी वाटतं. तुम्ही समजून घ्याल."

मी समजून घेतलं. मी विधवा. माझ्या शेजारी बांगड्या विकणारी भाभी मुसलमान, तिला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? बाजारात पाल टाकून बसणाऱ्या बायकांतल्या कितीतरी माझ्यासारख्याच, म्हणून तर त्या बाजारात बसतात. ज्यांचा जन्म बाजारतळावर जातो, त्या सगळ्या कुंकवाच्या एका बोटाने आराखड्याच्या बाहेर. आणि याला सहभाग म्हणायचं.

मला त्या आराखड्यात एकच गोष्ट हवी होती. बाजारतळावर बायकांसाठी मुतारी. पुरुषांची सोय आहे, म्हणजे भिंत आहे. बायका गुरुवारच्या बाजाराला पहाटेच टेम्पोतून उतरतात, दिवस मावळेपर्यंत बसतात आणि तोंडाला पाणी लावत नाहीत. भर उन्हात कलिंगडं विकणारी बाई स्वतः घोटभर पाणी पीत नाही. ज्यांना अगदीच राहवत नाही त्या माझ्याकडे येतात, कारण दुकानामागच्या बोळात मी स्वतःपुरता संडास बांधलेला आहे. त्याची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते. गुरुवारी ती खिळ्याला टेकत नाही. पाणी मी भरायचं, टाकी मी उपसून घ्यायची, आणि नगरपालिका म्हणणार की गावात सगळं सुरळीत आहे.

वहिनी दरावर अडून बसली होती. मी म्हटलं, "दर तुम्ही म्हणाल तो. वाट्यांवर तुमचं नावही फुकट घालून देते. पण सभेत मला बोलायला मिळालं पाहिजे."

तिने मैत्रिणींकडे पाहिलं. मैत्रिणींनी मान हलवली.

"बोला की. लोकशाही आहे," असं म्हणून तिने वाटी पुन्हा एकदा दाबून पाहिली. स्वस्त मिळतंय म्हटल्यावर बाकीच्या बायकांचं कसंतरी वाटणं कुठल्या कुठे गेलं.

सभा मंगल कार्यालयात होती. दाराशीच हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ आणि वाटी. वाटी घेतली की सही करायची, तीच हजेरी. माझ्यापाशी आल्यावर तबक धरलेली पोरगी बावरली आणि मला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. माझ्याच दुकानातली वाटी मला मिळाली नाही, आणि वाटी नाही म्हणून सहीही नाही. बोलायला मी होते, हजेरीत नव्हते.

आधी उखाणे झाले. मग नगरपालिकेच्या साहेबाने पडद्यावर नकाशा दाखवला. तरणाबांड, इस्त्रीचा शर्ट, बोलताना सारखं 'माता-भगिनी'. पिवळं म्हणजे राहण्याची जागा, निळं म्हणजे दुकानं, हिरवं म्हणजे मोकळी. आमचा बाजारतळ हिरवा होता. साहेब म्हणाला, "इथे सध्या काही नाही." हा माणूस गुरुवारी कधी घराबाहेर पडला नसावा.

"माता-भगिनींनी मोकळेपणाने सूचना कराव्यात," तो म्हणाला. एका मैत्रिणीने बाग मागितली. दुसरीने गावाच्या नावाची लाइट लावलेली अक्षरं आणि सेल्फी पॉइंट मागितला. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"बाजारतळावर बायकांना मुतारी पाहिजे. वेशीकडच्या कोपऱ्यात. आणि दार वेशीच्या भिंतीकडे पाहिजे. चहाच्या टपरीकडे नको."

खुसखुस सुरू झाली. वहिनीने माइक ओढला. "मावशी, जरा शब्द सांभाळा. सणाचा दिवस आहे. साहेब बसलेत."

"त्यांना प्रसाधनगृह म्हणायचंय," साहेब म्हणाला.

"नाव तुम्ही काहीही ठेवा. दार कुठं येतंय ते बघा."

तो हसला, लहान पोराला हसतात तसा. "ठीक आहे. ज्या भगिनींना याची गरज वाटते त्यांनी हात वर करा."

मागच्या रांगेत मेथी विकणारी होती, शेजारी तिची सून होती, लसूणवाली होती. तिघींनी गेल्याच गुरुवारी माझी किल्ली नेली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. सून सासूकडे बघत होती, सासू वहिनीकडे, वहिनी साहेबाकडे आणि साहेब घड्याळाकडे. लसूणवाली रिकाम्या वाटीत काहीतरी शोधत होती. एकही हात वर झाला नाही.

"म्हणजे मागणी नाही," साहेब म्हणाला आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच बायका वाट्या घेऊन माझ्या दुकानात यायला लागल्या. बाहेरून वहिनीचं नाव होतं, आतून त्यांना नवऱ्याचं घालून हवं होतं. मेथीवालीने वाटी पुढे केली आणि आवाज खाली आणला.

"लई भारी बोलला मावशी. आमच्या मनातलंच बोलला."

"मग हात का न्हाई वर केला?"

"आवं, समद्यांसमोर? आमाला मुतायला लागतं म्हनून सांगायचं व्हय?"

ही बाई बाजारात एका जुडीसाठी गिऱ्हाइकाच्या आईचा उद्धार करते. तिथे तिला लाज वाटत नाही. देवाने सगळ्यांना दिलेली गोष्ट आपल्यालाही आहे, हे मात्र हिला साहेबापासून लपवून ठेवायचं होतं. मी तिच्या नवऱ्याचं नाव घालून दिलं आणि पैसे रोख घेतले.

त्या गुरुवारी मी किल्ली खिळ्यावरून काढून पैशाच्या गल्ल्यात टाकली. पहिली लसूणवाली आली.

"किल्ली नाही," मी म्हटलं. "वहिनींच्या घरी जा. समोरचाच बंगला. गरज नाही असं त्यांच्याच सभेत ठरलंय, त्यांनाच विचारा."

"चेष्टा करताय व्हय मावशी?"

"जा म्हणते ना."

भाभी बांगड्यांच्या खोक्यामागून बघत होती. "इतना गुस्सा नको मावशी. गरीब बाया हायेत."

"तुला किल्ली देते भाभी. तुला तर दाराच्या आतही घेतलं नव्हतं. ज्या आत होत्या त्यांना हात होते."

लोक मला निर्दयी म्हणाले. म्हणोत. पाटी डोक्यावर घेऊन फिरताना मला कोणी आपली किल्ली दिली नव्हती.

पहिल्या चार-पाच जणींना वहिनीने हसून आत घेतलं. दारात आलेल्या बाईला या कामासाठी नाही म्हणणं तिच्या नावाला शोभणारं नव्हतं. दुपारपर्यंत अंगणात रांग लागली. व्हरांड्यात वहिनीचे सासरे पेपर वाचत बसतात. त्यांच्या समोरून चिखलाच्या पायांनी बायका आत-बाहेर करायला लागल्या, तसे ते पेपर घेऊन आत गेले. पुढच्या गुरुवारी फाटकाला कुलूप लागलं. मग बायका फाटकाबाहेर पाट्या ठेवून बसल्या, आणि अख्खा बाजार विचारायला लागला की या इथं का बसल्यात. त्या काही हक्क मागायला बसल्या नव्हत्या. त्यांचं अडलं होतं. या गावात अडल्याशिवाय कोणाचा सहभाग होत नाही.

तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानात आली. एकटी, मैत्रिणींशिवाय.

"मावशी, बायकांना किल्ली द्या ना. कशाला ताणताय?"

"मुतारी द्या."

"ह्यांना सांगते मी."

"कोपरा वेशीकडचा. दार भिंतीकडे."

"हो हो. सगळं तुमच्या मनासारखं."

तोंडच्या शब्दावर मी कधी पातेलं दिलं नाही. पाया खणलेला डोळ्यांनी पाहिला, तेव्हाच किल्ली खिळ्याला लावली. पावसाळ्याआधी मुतारी उभी राहिली, बरोबर वेशीकडच्या कोपऱ्यात. बाहेरून गुलाबी रंग, वर वहिनीच्या नवऱ्याचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'महिलांच्या सूचनेनुसार'. दार मात्र चहाच्या टपरीकडे.

उद्घाटनाला साहेब आला होता. मी त्याला गाठलं.

"दार कुठं केलंत?"

"प्रवेश रस्त्याकडूनच घ्यावा लागतो मावशी. नकाशात तसंच आहे."

टपरीच्या बाकावर दिवसभर हमाल, रिक्षावाले आणि रिकामटेकडे बसलेले असतात. दार उघडलं की ते सगळे तिकडे बघतात, बंद झालं की परत कधी उघडतंय ते बघतात. पहिल्या गुरुवारी मेथीवालीची सून दारापर्यंत गेली, बाकाकडे पाहिलं आणि तशीच वळून माझ्या दुकानात आली. मी किल्ली दिली. तिच्या मागून बाकीच्या आल्या. दिवाळीच्या सुमारास कानावर आलं की साहेब कुठल्याशा बैठकीत म्हणाला, बांधून दिलं तरी बायका वापरत नाहीत, मानसिकताच नाही. दाराची मानसिकता कोणी तपासली नाही.

परवा वहिनी पुन्हा आली. संक्रांत जवळ आली आहे.

"या वर्षी सभा नाही मावशी, नुसतंच हळदीकुंकू. आणि तुम्हीही या बरं का. या वर्षी सगळ्यांना वाण देणार आहोत. भाभीलासुद्धा." मग वाटी उचलून अंगठा लावला. "दर मागचाच ना?"

"दर नंतर. आधी त्या दारापुढं आडोशाची भिंत बांधा. पुरुषभर उंच."

"ते आता साहेबांना विचारावं लागेल. पुढच्या आराखड्यात बघू."

मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि फळीवर ठेवली. ती पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेली. तिथे याहून हलक्या वाट्या मिळतात.

काल गुरुवार होता. पहाटेच मी किल्ली गल्ल्यात टाकली. टेम्पोतून उतरलेली पहिली बाई सवयीने खिळ्याकडे हात नेत म्हणाली, "मावशी, किल्ली?"

"वहिनींचं घर ठाऊक हाय ना?" मी म्हटलं. "आणि या खेपेला एकटीदुकटी जाऊ नको. समद्यांना घेऊन जा."