मधल्या सुट्टीतली गोळी

अमडापुरात आमच्या शेजारी पुष्पांजली राहते. गावाच्या कडेला तिचा आणि तिचे पती भागवत यांचा भाजीचा मळा आहे. त्यांची एकुलती एक मुलगी समीक्षा चौथीत शिकते. तिला आकडी येते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा गोळी द्यावयास सांगितली असून, दुपारची गोळी चुकता कामा नये अशी त्यांची ताकीद आहे. आणि दुपार तर शाळेत जाते.

ती गोळी शाळेत कुणी द्यावी, हा प्रश्न घेऊन पुष्पांजली जूनमध्ये मुख्याध्यापकांकडे गेली. तिच्या विनंतीवरून मीही सोबत होतो. गृहस्थ सज्जन आहेत.

"ताई, गोळी देणं अवघड नाही," ते म्हणाले. "पण दिल्यावर पोरीला काही झालं, तर सारं गाव माझ्या दारात येईल. घरची औषधं शाळेत द्यायची नाहीत, असं आमचं ठरलं आहे."

आम्ही नमस्कार करून निघालो.

तेव्हापासून पुष्पांजली मधल्या सुट्टीत मळ्यातून शाळेच्या फाटकाशी येऊ लागली. पायांना चिखल, पदराच्या टोकाला गोळी, हाती पाण्याची बाटली. मुलींना तो रोजचा विनोद झाला.

"समीक्षा, तुही माय आली वं, पयलीत नाव टाकायले."

"नाही वं, शाळेतली खिचडी आवडली असंन तिले."

समीक्षा मान खाली घालून गोळी गिळत असे.

ऑगस्टमध्ये, बाजाराच्या आदल्या दिवशी, भेंडीची तोडणी एकट्या पुष्पांजलीवर आली. भागवत तापाने अंथरुणाला खिळले होते. तिने गोळी समीक्षाच्या रुमालाच्या टोकाला बांधून दिली.

"खिचडी खाल्ली का एक गोळी घ्यायची. इसरू नको."

"हाव."

नेमक्या त्याच दिवशी शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या गेल्या. खिचडीनंतर वर्गाच्या बाईंनी मुलांना ओळीने उभे करून, आपल्यासमोर प्रत्येकास एकेक गोळी चावून खावयास लावली. समीक्षानेही खाल्ली.

संध्याकाळी पुष्पांजलीने रुमाल धुवावयास घेतला, तेव्हा गाठ तशीच होती.

"गोळी काऊन नाही घेतली वं?"

"घेतली ना. मॅडमनं देली. गोड होती."

"अवं, ते जंताची होती. हे तुही."

"तूच म्हणे, खिचडी खाल्ली का एक घ्यायची. मंग दोन कशा घेऊ?"

पुष्पांजलीने दवाखान्यात फोन लावला. गोळी आता द्यावी की कसे, हे ती विचारीत असतानाच समीक्षा ओट्यावरून कलंडली. मी धावलो. आईने तिला कुशीवर वळवून डोक्याखाली हात धरला होता. त्या वेळी करण्याजोगे एवढेच होते, आणि ते पुरेसे वाटत नव्हते.

मुलगी सावरल्यावर आम्ही पुन्हा शाळेत गेलो. बाईंचे डोळे भरून आले. पण चूक कुणाच्या पदरी घालावी?

"म्हणूनच मी नको म्हणत होतो, ताई," मुख्याध्यापक म्हणाले.

"मंग मी काय करू, सर? पोरीले घरी ठिवू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे.

आता भागवतांना ताप असो वा बाजाराची तोडणी असो, पुष्पांजली फाटकाशी येतेच. समीक्षाने गोळी गिळली, की आई म्हणते,

"आ कर."

"माय, साऱ्या पोरी पाहून राह्यल्या."

"पाहू दे. जीभ वर कर."