तात्यांचं शिफारसपत्र

अणदूरमध्ये तात्या चिठ्ठीशिवाय कुठल्या कामाला गेले, असं मी कधी पाहिलं नाही. माझ्या वडिलांचे ते चुलतभाऊ. वय सत्तर, बंडीच्या खिशात कायम तीन-चार घड्या घातलेले कागद. म्हशीला इंजेक्शन द्यायचं असलं तरी ते आधी सरपंचाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे जात. डॉक्टर म्हणे, "अहो, म्हैस आणा." तात्या म्हणत, "म्हस येतीच की. पर आदी वळख तर पटू द्या."

मी लष्करी प्रबोधिनीची लेखी परीक्षा पास झाले आणि पाच दिवसांच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा आनंदानं तात्यांना जेवण जाईना. त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं, की अमेरिकेत असल्या प्रबोधिनीत जायचं तर आधी तिथल्या खासदारानं नाव सुचवावं लागतं.

"येवढ्या मोठ्या मुलखात खासदाराबिगर चालत न्हाय, मग हितं कसं चालंल?"

मी समजावलं, तिकडं प्रत्येक खासदाराच्या वाट्याला ठरावीक जागा असतात, आणि त्यानं नाव सुचवलं तरी गुण अन् तब्येत दाखवावीच लागते. आपल्याकडं लेखी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी. वशिला लावला तर उलट नावावर काट मारतात.

"कागद काय भाकरी खातोय व्हय? असू दे जवळ," तात्या म्हणाले.

नळदुर्गच्या एका लग्नात त्यांनी खासदारांना पंगतीतच गाठलं. आठवड्याभरात त्यांच्या कचेरीतून स्वतः जाऊन आणलेला एक चिकटवलेला लिफाफा माझ्या बॅगेत, शेंगाचटणीच्या डब्याखाली येऊन बसला. "फोडू नगंस. सायबानंच फोडायचा."

पाच दिवस मी दोरीला लटकले, भिंती चढले, पण खरी धास्ती त्या लिफाफ्याची होती. कुणी पाहिला असता तर सगळंच संपलं असतं. मुलाखतीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "घरी तुझ्यासाठी सगळ्यात जास्त कोण धडपडतं?" मी तात्यांचं नाव घेतलं, आणि त्या भरात लिफाफ्याचंही सांगून बसले.

"मग दिला का नाहीस?"

"नियमात बसत नाही, सर."

"फेकला का नाहीस?"

"तात्यांनी दिलाय, सर."

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी खरडलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

पण यादीत माझं नाव आलं. तात्यांनी लिफाफ्याच्या नावानं गावभर पेढे वाटले. शेवटी मला राहवेना, मी तो तसाच बंद त्यांच्या हातात ठेवला. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "आता वाच तरी," म्हणाले.

मी फोडला. खासदारांच्या लेखनिकानं सवयीप्रमाणे समोर उभ्या माणसाचं नाव घातलं होतं. उमेदवार म्हणून चक्क तात्या. 'होतकरू, मनमिळाऊ, सैनिकी प्रशिक्षणास सर्वार्थाने योग्य.'

सगळं घर हसून लोळलं. तात्या मात्र हसले नाहीत. विशीत ते सोलापूरला भरतीला गेले होते आणि छाती बोटभर कमी भरली म्हणून परत आले होते, हे आम्हाला ठाऊक होतं.

"पुन्यांदा वाच," ते म्हणाले. मी तीनदा वाचलं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

प्रबोधिनीला निघायच्या दिवशी तात्या सोलापूर स्टेशनपर्यंत सोडायला आले, नवे पांढरे बूट घालून. एसटीत कंडक्टरला म्हणाले, "दोन हाफ द्या. एक बाईमानसाचं, एक म्हाताऱ्याचं. दोगंबी भरतीला निगालोय." आणि पत्र पुढं केलं.

कंडक्टरनं ते शेवटपर्यंत वाचलं, तात्यांच्या बुटांकडं पाहिलं, आणि पुढच्या सीटवरची आपली पेटी उचलून घेतली.

"बसा, साहेब."